पहिल्या खड्ड्याच्या आधी

वाचकांचे प्रश्न : घरी गेम बनवणाऱ्यांसाठी

मागच्या अंकात मी सुचवलं होतं की दोन-तीन मिनिटांत संपेल अशी एक साधी प्लॅटफॉर्मर लेव्हल करून बघा, म्हणजे धावणं, उडी मारणं आणि शेवटच्या झेंड्यापर्यंत पोचणं. आणि कुठे अडलात तर लिहा. पत्रं खूप आली आणि चांगली आली. माझं रोजचं काम लेव्हल मांडण्याचंच आहे. शनिवारी आमच्या पेठेतल्या वाचनालयात मुलं आपापले गेम घेऊन येतात, तेव्हा मागे बसून ते कसे खेळले जातात हे मी पाहते. उत्तरं या दोन्ही अनुभवांवरून देते आहे.

मी अकरावीत आहे. गोडो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये लेव्हल केली आहे. मला ती सहज पार होते, पण मित्र पहिल्याच खड्ड्यात पडतात आणि थोड्या वेळाने खेळणं सोडून देतात. खड्डा १२ टाइलचा आहे, टाइल (लेव्हल ज्या चौकोनांनी बनते त्यातला एक चौकोन) १६ पिक्सेलची. उडीचा कोड गोडोने दिलेलाच ठेवला आहे. खड्डा किती टाइलचा असावा, असा काही नियम आहे का?
— विद्यार्थी, कोल्हापूर

खड्ड्याचं माप उडीवरून ठरतं, म्हणून आधी तुझी उडी मोजू. गोडो ४ च्या तयार कोडमध्ये धावण्याचा वेग ३००, उडीचा वेग ४०० आणि गुरुत्व ९८० असतं, सगळं पिक्सेलमध्ये. अकरावीच्या फिजिक्सचं सूत्र लाव : ४०० चा वर्ग भागिले ९८० ची दुप्पट. उत्तर येतं साधारण ८२ पिक्सेल, म्हणजे पाच टाइल उंच. हवेतला वेळ ८०० भागिले ९८०, म्हणजे ०.८ सेकंदाच्या थोडा वर. तेवढ्यात ३०० च्या वेगाने तुझं पात्र २४५ पिक्सेल पुढे जातं. पंधरा टाइल! तू १२ चा खड्डा ठेवलास आणि तो तुझ्या उडीत बसला, कारण ही उडीच तुझ्या टाइलसाठी फार मोठी आहे. ६४ पिक्सेलच्या टाइल असत्या तर हीच उडी जेमतेम चार टाइल पुढे गेली असती. तयार कोडमधले आकडे सुरुवातीसाठी दिलेले असतात. तुझ्या टाइलचं माप त्या कोडला ठाऊक नसतं.

आता उलटं कर. उडी किती टाइलची हवी ते आधी ठरव आणि आकडे त्यातून काढ. समज, साडेतीन टाइल उंच, म्हणजे ५६ पिक्सेल, आणि वरच्या टोकाला पोचायला ०.३५ सेकंद. गुरुत्व = उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे सुमारे ९१४. उडीचा वेग = उंचीची दुप्पट भागिले वेळ, म्हणजे ३२०. पाच टाइल पुढे जायचं असेल तर ८० पिक्सेल भागिले ०.७ सेकंद, म्हणजे धावण्याचा वेग ११४ च्या आसपास. हे तीन आकडे घालून रिकाम्या जमिनीवर नुसतं धावून आणि उड्या मारून बघ. हाताला बरं वाटेपर्यंत त्यांच्यात थोडे-थोडे बदल कर, आणि मग त्यांना हात लावू नकोस. लेव्हल अर्धी झाल्यावर उडी बदलली तर प्रत्येक खड्डा पुन्हा मोजावा लागतो.

उडी पाच टाइलची असेल तर पहिला खड्डा दोन टाइलचा ठेव, नंतरचे तीनचे. चारचा खड्डा लेव्हलच्या शेवटाकडे, आणि पाचचा या लेव्हलमध्ये नकोच. पात्राचा पाय कडेवर टेकतो, त्यामुळे प्रत्यक्षात हिशेबापेक्षा थोडं जास्त अंतर पार होतं. ती सवलत खेळणाऱ्याकडेच राहू दे, ती धरून खड्डा रुंद करू नकोस.

पण तुझे मित्र पडतात त्याला खड्ड्याच्या रुंदीइतकंच दुसरंही एक कारण असणार, आणि मला त्याबद्दल जास्त बोलायचं आहे. ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ तुला माहीत असेलच. १९८५ चा गेम, शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका यांनी रचलेला. आपल्याकडे नव्वदच्या दशकात टीव्हीला जोडायच्या गेमच्या कॅसेटमधून तो घरोघर पोचला. त्याची पहिली लेव्हल पुन्हा खेळ, पण या वेळी वही घेऊन. पडद्याची रुंदी १६ टाइल. मारिओ डावीकडे उभा असतो आणि उजवीकडे मोकळी जागा असते, त्यामुळे कुठे जायचं ते न सांगता कळतं. मग प्रश्नचिन्हाचा ठोकळा दिसतो आणि समोरून एक शत्रू चालत येतो. उडी मारली नाही तर मरण. पण गेम नुकताच सुरू झालेला असतो, त्यामुळे गमावण्यासारखं काहीच नसतं. पुढच्या एका ठोकळ्यातून निघालेला मशरूम उजवीकडे जातो, खाली पडतो, पाइपला आपटतो आणि परत तुमच्याकडेच येतो. म्हणजे त्याला टाळू पाहणाऱ्यालाही तो बहुधा मिळतोच, आणि मारिओ मोठा झाला की ही चांगली वस्तू आहे हे कळतं. पुढचे पाइप दोन टाइल, मग तीन, मग चार टाइल उंच. बटण जास्त वेळ दाबलं की उडी उंच जाते, हे हात तिथे शिकतो. आणि पहिला खड्डा कुठे आहे? चार पडदे ओलांडल्यावर. तोही फक्त दोन टाइलचा. त्यानंतरचा तीनचा.

आणखी पुढे समोरासमोर दोन पायऱ्या आहेत आणि मधे सपाट जमीन. चुकून खाली आलात तरी काही बिघडत नाही. लगेच पुढे तशीच दुसरी जोडी, पण मधली जमीन काढून टाकलेली. आकार तोच, धोका नवा. मला हा तुकडा फार आवडतो. तू तुझ्या लेव्हलमध्ये हेच कर : पहिल्या खड्ड्याच्या आधी तेवढ्याच रुंदीचा, पण उथळ खळगा ठेव, ज्यात पडलं तर उडी मारून बाहेर येता येईल. तुझ्या मित्रांना खड्ड्यापलीकडचा काठ उडी मारण्याआधी दिसतो का, तेही तपास. १२ टाइलच्या खड्ड्यात कॅमेरा जवळ असेल तर तो दिसतच नसेल, आणि न दिसणाऱ्या काठाकडे झेप घ्यायला कुणाचा हात धजत नाही. तू लेव्हल मांडलीस म्हणून तुला काठ ठाऊक आहे. तुला ती सोपी वाटते, यावरून काहीच ठरत नाही.

‘इथे उडी मारा’ अशी पाटी मात्र लावू नकोस. पाटी वाचली जात नाही. वाचली तरी हाताला काही शिकवत नाही.

माझी मुलगी दहा वर्षांची आहे. स्क्रॅच या मुलांसाठीच्या प्रोग्रॅमिंगच्या साधनात गेम करते. तिच्या प्रत्येक लेव्हलमध्ये इतके काटे असतात की घरात कुणालाच पुढे जाता येत नाही, आणि तिला त्यातच आनंद वाटतो. तिला समजवावं का?
— एक आई, नाशिक

आनंद मोडू नका. काटे लावणं म्हणजे आपल्या हातात एका जगाचे नियम आले आहेत हे कळणं, आणि दहाव्या वर्षी ते कळलंय ही मोठी गोष्ट आहे. फक्त घरात एक नियम करा : जी लेव्हल दुसऱ्याला खेळायला द्यायची, ती आधी स्वतः सुरुवातीपासून शेवटापर्यंत पार करून दाखवायची. २०१५ साली आलेल्या ‘सुपर मारिओ मेकर’ मध्ये हाच नियम होता. स्वतःची लेव्हल पूर्ण केल्याशिवाय ती इतरांसाठी टाकताच येत नसे.

त्याने लेव्हल शक्य आहे इतकंच सिद्ध होतं. ती चांगली व्हायला दुसरा माणूस लागतो. त्यासाठी गणिताची चौकटींची वही घ्या. एका पानावर तिने लेव्हल काढायची, एक चौकट म्हणजे एक टाइल. शर्टाचं बटण म्हणजे खेळाडू. नियम ठरवा : एका उडीत तीन चौकटी पुढे, दोन चौकटी वर. तुम्ही बटण सरकवत खेळायचं आणि तिने न बोलता बघायचं. मारिओच्या लेव्हलही आधी अशा चौकटींच्या कागदावरच काढल्या जात. कागदावर काटे खोडून पुन्हा काढायला वेळ लागत नाही. आई कुठे थांबते, कुठे विचार करते हे तिला समोर दिसेल. त्यानंतर काटे किती ठेवायचे हे तिचं तीच ठरवेल, तुम्ही आकडा सांगू नका.

आयटीत आहे, रात्री गेम बनवतो. ऑफिसमधल्या मित्रांना खेळायला देतो. सगळे ‘मस्त आहे’ म्हणतात. कुणी पुन्हा मागत मात्र नाही. खरं मत कसं काढून घ्यायचं?
— एक वाचक, पिंपरी

मत विचारणं थांबवा. मित्र खोटं बोलत नाहीत, ते तुमच्याशी चांगलं वागत आहेत. तुम्हाला हवं आहे ते त्यांच्या तोंडून येणार नाही, त्यांच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे बघून मिळेल.

कसं बसायचं ते आधी सांगते, कारण त्यावर फार काही अवलंबून आहे. खेळणाऱ्याच्या शेजारी नव्हे, उजव्या खांद्याच्या थोडं मागे. तुम्ही त्याच्या नजरेत नसता, पण पडदा आणि बोटं दोन्ही तुम्हाला दिसतात. सुरुवातीला एकच वाक्य : ‘मी गेम तपासतोय, तुला नाही, कुठे अडलास तर ते मला हवंच आहे.’ मग तोंड बंद. तो चुकीच्या दिशेला गेला तरी बंद, दार समोर असून त्याला दिसत नसलं तरी बंद. हे फार कठीण जातं, जीव तुटतो अक्षरशः. पण ज्या क्षणी तुम्ही ‘वर बघ’ म्हणता, त्या क्षणी तुमच्या लेव्हलमध्ये काय कमी आहे ते कळण्याची संधी गेली. गेम लोकांच्या घरी पोचेल तेव्हा तुम्ही तिथे ‘वर बघ’ म्हणायला नसाल. त्याने प्रश्न विचारला तर ‘तुला काय वाटतं?’ एवढंच विचारा आणि त्याचा प्रश्न जसाच्या तसा लिहून घ्या. ‘हे लाल आहे ते घ्यायचं की टाळायचं?’ हा एक प्रश्न दहा अभिप्रायांपेक्षा मोलाचा आहे.

कागदावर लेव्हलचा नकाशा छापून घ्या. जिथे मरण तिथे टिंब, जिथे तो तीन-चार सेकंद उभा राहिला तिथे गोल, जिथून मागे फिरला तिथे बाण. प्रत्येक खेळाडूसाठी वेगळ्या रंगाची पेन्सिल. मोठ्या कंपन्या हेच काम संगणकावर करतात आणि लोक कुठे जास्त मरतात ते नकाशावर रंगाने दाखवतात. तुमच्या एका लेव्हलला पेन्सिल पुरते. टिंबं एकाच जागी दाटली की तिथे बघा. पण टिंबांपेक्षा मी गोलांना जास्त मान देते. मरणारा माणूस निदान काय करायचं आहे हे समजून मरतो. नुसता उभा राहिलेला माणूस हरवलेला असतो, आणि खेळणं बहुधा तो हरवल्यामुळेच सोडतो.

कितीजण पुरतात? वापरण्यातल्या अडचणी शोधण्याबद्दल त्या विषयाचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली मांडलं होतं की पाच जणांत बहुतेक मोठ्या अडचणी समोर येतात. ते वेबसाइटबद्दल होतं, पण छोट्या लेव्हललाही हा अंदाज चांगला लागू पडतो. मी मात्र पाचजण एकदम बसवत नाही. दोघांना बघते, दुरुस्ती करते, मग नवे दोघे. नवे, हे महत्त्वाचं. लेव्हल पहिल्यांदा खेळणारा माणूस एकदाच मिळतो. दुसऱ्या दिवशी तो तुमच्याइतकाच जाणकार झालेला असतो. ऑफिसातले सगळे मित्र पहिल्याच आठवड्यात वापरून टाकू नका.

खेळून झाल्यावर ‘आवडला का?’ ऐवजी ‘काय-काय झालं ते सांग’ असं विचारा. तो आपल्या शब्दांत गोष्ट सांगेल, आणि त्या गोष्टीत तुमच्या लेव्हलमधला कुठला भाग आलाच नाही हे तुम्हाला कळेल. उपाय सुचवू लागला तर ऐकून घ्या, लिहून घ्या, पण लगेच करू नका. अडचण कुठे आहे हे खेळणाऱ्याला नक्की कळतं. ती कशाने जाईल हे ठरवणं तुमचं काम.

याचं एक उदाहरण मला फार प्रिय आहे. २००७ साली आलेल्या ‘पोर्टल’ मध्ये एका लेव्हलभर एक ठोकळा सोबत न्यावा लागतो. चाचणीत लोक तो मागेच विसरून पुढे जात. ‘ठोकळा घेऊन जा’ अशी सूचना सतत देत राहणं हा सरळ उपाय झाला असता. तो गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीच्या मंडळींनी ठोकळ्यावर गुलाबी हृदय काढलं आणि गेममधल्या आवाजाला त्या ठोकळ्याबद्दल सोबत्यासारखं बोलायला लावलं. लोक त्याला जपू लागले. पुढे त्या गेममधली सगळ्यांत लाडकी वस्तू तीच ठरली. न बोलता बघितलं नसतं तर हे सुचलं असतं असं मला वाटत नाही.

टेस्टर म्हणतात, ‘मी बटण दाबलं होतं, उडीच मारली नाही.’ कोड तपासला, बरोबर आहे. ते उशिरा दाबतात. काय करू?
— इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी, छत्रपती संभाजीनगर

त्यांचं खरं मान. कोड बरोबर असेल, पण खेळणाऱ्याला जे जाणवलं तेच त्याच्यासाठी घडलं. धावताना माणूस अगदी कडेला पोचेपर्यंत थांबतो, कारण लांब उडी हवी असते, आणि तेवढ्यात पाय जमिनीवरून सुटलेला असतो. तू जमिनीवर असतानाच उडीला परवानगी दिली आहेस, म्हणून त्याचं बटण वाया जातं.

जमीन सुटल्यावरही अगदी थोडा वेळ उडी मान्य कर. २०१८ च्या ‘सेलेस्ट’ मध्ये ही सवलत ०.१ सेकंदाची आहे, आणि तो गेम अत्यंत कठीण म्हणून ओळखला जातो, तेव्हा यामुळे गेम सोपा होईल ही भीती नको. दुसरी सवलत उलट बाजूची : जमिनीला टेकायच्या क्षणभर आधी बटण दाबलं असेल तर ते लक्षात ठेव आणि टेकताच उडी मार. दोन्हींसाठी एकेक टायमर, पाच-सात ओळींचा कोड. हे करून झाल्यावर त्याच मंडळींना काही न सांगता पुन्हा खेळायला दे. ‘दाबलं होतं’ हे वाक्य ऐकू येणं थांबलं की काम झालं.

लेव्हलमध्ये चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) कुठे ठेवावा?
— एक वाचक, रत्नागिरी

जिथे नवीन काही शिकून झालं आणि पुढे कठीण भाग सुरू होतो, त्या दोहोंच्या मधे. आणि जिथे कठीण भाग संपला तिथे लगेच. मेल्यानंतर ज्या सोप्या रस्त्यावरून पुन्हा चालावं लागतं, त्या प्रत्येक पावलाचा राग खेळणारा तुमच्यावर काढतो.

मी रेल्वेतून निवृत्त झालो, वय ६८. नातवाने त्याचा गेम मोबाइलवर खेळायला दिला. मला दोन मिनिटंही जमलं नाही. तो म्हणाला, ‘आजोबा, तुमच्यासाठी नाहीये हा.’ आमच्यासारख्यांकडून त्याला काही उपयोग होतो का, की मी नाही म्हणावं?
— एक आजोबा, डोंबिवली

काका, नाही म्हणू नका. शनिवारी वाचनालयात मी मुलांना मुद्दाम सांगते की ज्यांनी कधी गेम खेळलेला नाही अशांना घेऊन या. कुणाची आजी, खालच्या दुकानातले काका, वर्तमानपत्र वाचायला आलेले गृहस्थ. रोज गेम खेळणारी मुलं सवयीने पुढे जातात. डावीकडून उजवीकडे जायचं, चकाकतं ते घ्यायचं, टोकदार ते टाळायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं असतं. लेव्हलने ते शिकवलं की नाही हे त्यांच्याकडे बघून कळतच नाही. तुमच्याकडे बघून कळतं. दोन मिनिटांत अडलात, तर त्या दोन मिनिटांत नातवाच्या गेमने तुम्हाला काय सांगायचं राहून गेलं, ते त्याच्यासमोर आलं आहे.

पुढच्या वेळी खेळताना मनातलं मोठ्याने बोलत खेळा. ‘हे गोल दिसतंय, हे दाबायचं असावं.’ ‘आता हा पडला, का पडला कळलं नाही.’ ‘अंगठ्याखाली तो झाकला गेला, दिसत नाहीये.’ शेवटची गोष्ट मोबाइलवर फार होते. काचेवरच्या बटणाला उंचवटा नसतो, त्यामुळे अंगठा कुठे आहे हे बघितल्याशिवाय कळत नाही, आणि तिकडे बघितलं की पात्र खड्ड्यात. नातवाने बटणं कोपऱ्यात मोठी करावीत, आणि चित्रातल्या बटणाच्या थोडं बाहेर बोट पडलं तरी ते मान्य करावं. लाल आणि हिरव्या रंगावरच सगळं ठरत असेल तर तेही सांगा. अनेक पुरुषांना हे दोन रंग नीट वेगळे दिसत नाहीत, वय काहीही असो. आकार वेगळा केला की प्रश्न सुटतो.

आणि त्याला हे पान दाखवा. त्याला माझा एवढाच निरोप : आजोबा खेळत असताना मागे बसायचं, वही हातात, आणि पाच मिनिटं एक शब्द बोलायचा नाही. मग जे लिहून झालं असेल त्यातल्या पहिल्या तीन गोष्टी दुरुस्त करायच्या आणि पुढच्या रविवारी गेम पुन्हा आजोबांच्या हातात द्यायचा. नकाशावर गोल कुठे-कुठे पडले ते मला कळवा, पुढच्या अंकात त्यावर लिहीन.